पेशींची भक्षणक्रिया : आकारबदलाचे शास्त्र आणि नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल आजार

सारांश

पेशीने आपला आकार बदलून बाहेरील जंतू, कण किंवा पोषणद्रव्य वेढणे व ते आत घेणे ही सजीवसृष्टीतील अत्यंत प्राचीन क्रिया होय. डबक्यातील अमीबा याच क्रियेने अन्न मिळवतो आणि मानवी रक्तातील भक्षक पेशी याच क्रियेने शरीराचे रक्षण करतात. प्रस्तुत लेखात या क्रियेमागील यंत्रणेचे विवेचन केले असून, नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजाराशी तिचा संबंध स्पष्ट केला आहे. भक्षणक्रिया सिकलसेलच्या वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते. रुग्णाच्या बाबतीत मात्र हीच क्रिया जेथे प्रामुख्याने घडते ती प्लीहा निकामी होत जाते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भक्षणक्रिया, पेशीपटल, अ‍ॅक्टिन, महाभक्षक पेशी, प्लीहा, सिकलसेल, हिवताप, नंदुरबार.

१. प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशा हे गाव वसले आहे. केदारेश्वर, संगमेश्वर आदी मंदिरांमुळे हे स्थान ‘दक्षिण काशी’ या नावाने परिचित आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्यातून या नदीकाठी ताम्रपाषाण काळापासून मानवी वस्ती होती हे सिद्ध झाले. गावाच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा असून शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाज मोठ्या संख्येने राहतो.

नदीकाठची वस्ती, साचलेले पाणी, डास आणि हिवताप यांचा संबंध सर्वश्रुत आहे. जगाच्या ज्या भागांत हिवताप पिढ्यान्पिढ्या ठाण मांडून होता, त्याच भागांत रक्तातील काही आनुवंशिक दोष अधिक प्रमाणात आढळतात. सातपुड्याच्या परिसरातील सिकलसेल हा असाच एक दोष होय. या आजाराची चर्चा बहुधा रक्तक्षय, सांधेदुखी आणि विवाहपूर्व तपासणी या अंगांनी केली जाते. परंतु रक्तातील तांबड्या पेशींचा हा दोष लहान बालकाला जंतुसंसर्गापुढे इतका हतबल का करतो, या प्रश्नाचे उत्तर तांबड्या पेशीत नाही. ते त्या पेशींना गिळणाऱ्या दुसऱ्या पेशींत आहे. म्हणून पेशी कशा गिळतात हे प्रथम समजून घेणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) पेशी आपला आकार बदलून जंतू व पोषणद्रव्ये कशी आत घेते, हे स्पष्ट करणे.
२) रोगजंतू या क्रियेवर कशी मात करतात, हे महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणांच्या साहाय्याने मांडणे.
३) सिकलसेलचा वाहक व सिकलसेलचा रुग्ण यांच्या शरीरातील भक्षणक्रियेची तुलना करणे.
४) या ज्ञानाचा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने असलेला उपयोग सांगणे.

३. संकल्पनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

भक्षणक्रियेला रोगप्रतिकाराच्या शास्त्रात स्थान मिळवून देण्याचे श्रेय एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाकडे जाते. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात एक बारीक काटा टोचून ठेवला. काही तासांनंतर त्या काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाल्याचे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. अमीबा ज्या रीतीने अन्न गिळतो, त्याच रीतीने शरीरातील काही पेशी परक्या वस्तूला गिळून तिचा नाश करत असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळातील अनेक शास्त्रज्ञांचे मत असे होते, की रोगप्रतिकाराची शक्ती पेशींत नसून रक्तद्रवात असते. पुढे दोन्ही बाजूंत तथ्य असल्याचे मान्य झाले आणि १९०८ मध्ये मेचनिकॉफ व पॉल एर्लिख यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या दोन मतांना जोडणारा दुवा अल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये दाखवून दिला. रक्तद्रवातील काही घटक जंतूच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्यामुळे भक्षक पेशींना तो जंतू गिळणे सोपे जाते, असे त्यांना आढळले. हे घटक म्हणजे प्रामुख्याने प्रतिपिंडे व रक्तातील पूरक प्रथिने होत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची बाब अशी, की मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते. त्यांचे प्रारंभीचे संशोधन एकपेशीय जीवांवर होते. एकपेशीय जीवांच्या अभ्यासातून उदयास आलेली ही परंपरा अशा रीतीने १८९६ मध्ये मुंबईच्या प्लेगपर्यंत येऊन पोहोचली.

४. पेशी आकार कसा बदलते?

पेशीभोवती मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे अतिशय पातळ पटल असते. हे पटल लवचीक असले तरी ते फारसे ताणले जात नाही. त्यामुळे मोठा कण गिळायचा असल्यास पेशीला जादा पटलाची गरज भासते. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर असंख्य सुरकुत्या व घड्या असतात, तसेच पेशीच्या आतही पटलाच्या लहान पुटिका साठवलेल्या असतात. निऱ्या सोडल्यावर वस्त्र पसरावे, त्याप्रमाणे या घड्या उलगडतात आणि आतील पुटिका पृष्ठभागाला येऊन मिळतात. अशा प्रकारे पेशी आपला पृष्ठभाग वाढवते.

पटलाला पुढे ढकलण्याचे काम त्याच्या आतील बाजूस असलेले अ‍ॅक्टिन हे प्रथिन करते. १९४२ मध्ये हंगेरीतील सेगेद येथे स्ट्राउब यांनी स्नायूंमधून हे प्रथिन वेगळे केले. स्नायूंच्या आकुंचनास कारणीभूत असणारे हे प्रथिन जवळजवळ प्रत्येक सकेंद्रक पेशीत असते, हे नंतर लक्षात आले. अ‍ॅक्टिनचे सुटे रेणू एकमेकांस जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू तयार होतात. काही साहाय्यक प्रथिनांमुळे या तंतूंना सुमारे ७० अंशांच्या कोनात फाटे फुटतात आणि दाट जाळे तयार होते. या जाळ्याच्या पटलाकडील टोकांना नवे रेणू जोडले जात असल्याने पटल पुढे सरकते. मागील टोकांचे रेणू सुटे होऊन पुन्हा वापरात येतात. अमीबाचे छद्मपाद आणि मानवी भक्षक पेशीचे हात हे दोन्ही याच तत्त्वावर निर्माण होतात.

भक्षणाच्या क्रियेचे पुढील चार टप्पे मानले जातात.

अ) ओळख : भक्षक पेशीच्या पटलावर विशिष्ट प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. काही ग्राही जंतूच्या पृष्ठभागावरील शर्करा किंवा मेद थेट ओळखतात, तर काही ग्राही जंतूवर बसलेल्या प्रतिपिंडांना धरतात. ओळख पटली नाही तर पेशी कणाला स्पर्श करूनही त्याला गिळत नाही.

आ) वेढा : ग्राहीने कणाला धरताच पटलाच्या आतील बाजूस रासायनिक संकेत उमटतात आणि नेमक्या त्याच ठिकाणी अ‍ॅक्टिनचे जाळे वाढू लागते. पटलाची कड कणाभोवती पेल्यासारखी वर चढते. एकेक ग्राही जोडला जातो तशी कड पुढे सरकते. ही क्रिया चेन लावण्यासारखी क्रमाक्रमाने घडते, हे १९७५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

इ) मिटणे : पेल्याच्या कडा एकत्र येतात, मायोसिन या प्रथिनाच्या साहाय्याने तोंड आवळले जाते आणि पटलाचा तुकडा आत तुटून वेगळा होतो. गिळलेला कण आता पटलाच्या पिशवीत बंद असतो. शालेय पाठ्यपुस्तकातील अमीबाची अन्नरिक्तिका म्हणजे हीच पिशवी होय. लहान जंतूच्या बाबतीत हे सर्व काही मिनिटांत पूर्ण होते.

ई) पचन : ही पिशवी पेशीच्या अंतर्भागाकडे वाहून नेली जाते. तेथे ती लयकारिकेशी एकरूप होते. लयकारिकेतील सामू ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी असून तेथील विकरे प्रथिने, मेद व शर्करा यांचे विघटन करतात. लयकारिकेचा शोध लावणारे क्रिस्तियान द दूव यांना १९७४ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यांपैकी ‘वाहून नेणे’ या टप्प्यावर मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. पेशीत सूक्ष्मनलिकांचे मार्ग असतात आणि त्यांवरून डायनीन नावाचे प्रथिन ओझे ओढत नेते. एकटा डायनीन रेणू दुर्बल असतो. परंतु पिशवी जसजशी पक्व होते, तसतसे तिच्या पटलावरील कोलेस्टेरॉलयुक्त भागात डायनीनचे अनेक रेणू एकत्र गोळा होतात व एकजुटीने ओढतात, असे या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिले. काळा आजाराचा परजीवी आपल्या पृष्ठभागावरील एका मेदशर्करायुक्त द्रव्याच्या साहाय्याने ही एकजूट मोडतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

५. पोषणद्रव्यांचे ग्रहण

अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठे कण गिळण्याच्या क्रियेला भक्षण म्हणतात. त्याहून लहान द्रव्ये आत घेण्यासाठी पेशी निराळा मार्ग अवलंबते. येथे पटल बाहेर न पसरता आत दबते व लहानसा खळगा तयार होतो. खळग्याच्या आतील बाजूस क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळीदार टोपलीसारखी रचना असते. तिचे नामकरण १९७०च्या दशकात बार्बरा पीअर्स यांनी केले. १९६४ मध्ये रॉथ व पोर्टर यांनी असे खळगे डासाच्या मादीच्या अंडपेशीत पाहिले होते. मनुष्याचे रक्त शोषल्यानंतर अंड्याच्या वाढीस लागणारे प्रथिन अंडपेशी याच खळग्यांतून आत घेते.

मानवी शरीरात लोहाचे ग्रहण हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह वाहून नेते. अस्थिमज्जेतील वाढत्या तांबड्या पेशींच्या पटलावर ट्रान्सफेरिनचे ग्राही असतात. ट्रान्सफेरिन जोडले गेले की खळगा आत ओढला जातो, आतील आम्लतेमुळे लोह सुटते आणि रिकामे ट्रान्सफेरिन पुन्हा रक्तात सोडले जाते. हे लोह येते कोठून? त्याचा फार थोडा भाग रोजच्या अन्नातून येतो. बहुतांश लोह, दररोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम, महाभक्षक पेशींनी जुन्या तांबड्या पेशी गिळल्यामुळे परत मिळते. म्हणजे एका पेशीचे भक्षण हेच दुसऱ्या पेशीचे पोषण ठरते. जंतुनाश आणि पोषण या दोन्ही गोष्टी शरीरात अशा परस्परांशी निगडित आहेत.

६. जंतूंचे प्रतिडाव

भक्षणक्रिया इतकी प्रभावी असूनही रोग होतात, याचे कारण अनेक जंतूंनी तिच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळे निर्माण करण्याची क्षमता प्राप्त केली आहे.

अ) वेढा रोखणारा जंतू – प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ लवकरच पुण्यात पसरली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव मिळाले.

प्लेगचा जंतू इतका घातक का, याचा उलगडा पुढे जवळजवळ एक शतकानंतर झाला. पिसवेच्या शरीरातून मनुष्याच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानात आल्यावर हा जंतू काही विशिष्ट प्रथिने तयार करतो आणि सुईसारख्या सूक्ष्म रचनेतून ती थेट भक्षक पेशीत सोडतो. त्यांपैकी काही प्रथिने ग्राहींकडून निघालेले संकेत पुसून टाकतात, तर काही अ‍ॅक्टिनचे जाळे उभारण्याची आज्ञा देणारी यंत्रणा बंद पाडतात. परिणामी भक्षक पेशी जंतूच्या शेजारी असूनही आपला आकार बदलू शकत नाही. प्लेग केवळ इतिहासजमा झाला असे मानता येत नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी व त्यानंतर तापीच्या मुखाजवळील सुरत शहरात त्याचा उद्रेक झाला होता.

आ) पचन रोखणारा जंतू – क्षय : क्षयरोगाचा जंतू गिळला जाण्यास विरोध करत नाही, उलट तो महाभक्षक पेशीतच मुक्काम करतो. ज्या पिशवीत तो असतो, तिचा लयकारिकेशी संयोग होऊ न देणे ही त्याची रीत आहे. आर्मस्ट्राँग व हार्ट यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ही बाब निदर्शनास आणली. पहारेकऱ्याच्या घरातच चोराने बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार होय.

इ) ओळख टाळणारा जंतू – न्यूमोकॉकस : न्यूमोनिया व मेंदूज्वर यांस कारणीभूत असणाऱ्या या जंतूभोवती शर्करेचे निसरडे आवरण असते. त्यामुळे भक्षक पेशीच्या ग्राहींना त्याला धरता येत नाही. प्रतिपिंडे व पूरक प्रथिने त्या आवरणावर बसली तरच तो गिळला जातो. सिकलसेलच्या संदर्भात हा तिसरा जंतू सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण अशा जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम प्रामुख्याने ज्या अवयवात होते, तो अवयव म्हणजे प्लीहा होय.

७. प्लीहा : भक्षणक्रियेचे केंद्र

बोलीभाषेत पाणथरी या नावाने ओळखली जाणारी प्लीहा पोटाच्या डाव्या बाजूस बरगड्यांखाली असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणतः १५० ग्रॅम भरते. तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा काही भाग महाभक्षक पेशींनी भरलेल्या अरुंद जागांतून अतिशय संथ गतीने झिरपतो व नंतर एक ते दोन मायक्रोमीटर रुंदीच्या फटींतून पुन्हा रक्तवाहिन्यांत येतो. सात ते आठ मायक्रोमीटर व्यासाच्या तांबड्या पेशीला या फटीतून जाण्यासाठी स्वतःचा आकार बदलावा लागतो. निरोगी पेशी वाकून पार होते; ताठर झालेली वृद्ध पेशी अडकते आणि महाभक्षक पेशीच्या भक्ष्यस्थानी पडते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते.

प्लीहेतील पेशींचे कौशल्य असे, की तांबड्या पेशीत केंद्रकाचा अवशेष राहून गेला असल्यास त्या संपूर्ण पेशी नष्ट न करता केवळ तो अवशेष काढून घेतात. रक्ताच्या तपासणीत असे अवशेष असलेल्या पेशी दिसू लागल्या, की प्लीहेचे कार्य मंदावल्याचे वैद्यकीय अनुमान काढले जाते. शिवाय आवरणयुक्त जंतूंविरुद्ध त्वरेने प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचे वास्तव्यही प्लीहेत असते. म्हणजेच जंतूवर खूण करणे आणि त्याला गिळणे ही दोन्ही कामे या एकाच अवयवात शेजारी शेजारी चालतात.

८. सिकलसेल : वाहक आणि रुग्ण

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आल्यास सिकल हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू सोडल्यानंतर त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दांडे बनतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. आई-वडिलांपैकी एकाकडून हा जनुक आल्यास व्यक्ती वाहक होते. दोघांकडून आल्यास ती रुग्ण होते.

महाराष्ट्रातील या आजाराच्या अभ्यासात डॉ. सुदाम काटे यांचे कार्य मूलभूत स्वरूपाचे आहे. त्यासाठी २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. काटे व लिंगोजवार यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार राज्यातील आदिवासी समूहांत वाहकांचे सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के असले, तरी भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या समूहांत ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. इतका अपायकारक जनुक इतक्या मोठ्या प्रमाणात टिकून कसा राहिला, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. वाहक व्यक्तींना गंभीर स्वरूपाच्या हिवतापापासून संरक्षण मिळते, असे त्यांनी दाखवले. या संरक्षणाची कारणे एकाहून अधिक आहेत. मात्र त्यांपैकी एक कारण थेट भक्षणक्रियेशी निगडित आहे. २००४ मध्ये इटलीतील तुरिन येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत असे दाखवले, की वाहकाच्या तांबड्या पेशीत हिवतापाचा परजीवी शिरल्यानंतर त्याच्या वाढीच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेतच ती पेशी भक्षक पेशींकडून निरोगी व्यक्तीच्या तशाच पेशीपेक्षा अधिक प्रमाणात गिळली जाते. परजीवीमुळे अशा पेशीच्या पटलात लवकर बिघाड होतो, तिच्यावर प्रतिपिंडे व पूरक प्रथिने बसतात आणि भक्षक पेशीला ती ओळखता येते. परजीवीची संख्या वाढण्यापूर्वीच त्याचे घर त्याच्यासह गिळले जाते.

रुग्णाच्या शरीरात मात्र चित्र पालटते. येथे परजीवी नसतानाही असंख्य तांबड्या पेशी ताठर होतात. त्यांच्या पटलावर बिघाडाच्या त्याच खुणा उमटतात आणि महाभक्षक पेशी त्यांना गिळू लागतात. अशा पेशीचे आयुष्य १२० दिवसांवरून साधारणतः १० ते २० दिवसांवर येते. प्लीहेतील अरुंद फटींपाशी ताठर पेशी अडकून पडतात, प्राणवायू कमी होतो, त्यामुळे आणखी पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तप्रवाह खुंटतो. वारंवार असे घडल्याने प्लीहेच्या ऊतीचा भाग मृत होतो. कालांतराने प्लीहा आकसून नाममात्र उरते. भारतीय रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने प्लीहा अनेकदा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. तथापि, प्लीहा आकाराने मोठी आहे म्हणून ती कार्यक्षम आहे, असे गृहीत धरता येत नाही.

प्लीहेचे कार्य मंदावले की न्यूमोकॉकससारख्या आवरणयुक्त जंतूंवर खूण करणारी आणि त्यांना गिळणारी व्यवस्था कोलमडते. रक्तातील इतर भक्षक पेशी जिवंत व सक्षम असतात, परंतु जंतूला धरण्यासाठी लागणारी खूण वेळेवर मिळत नाही. त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. पाच वर्षांखालील बालकांत हा धोका सर्वाधिक असतो.

९. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्व

वरील विवेचनाचा व्यावहारिक अर्थ पुढील मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा प्रतिबंधक औषधाचा. अमेरिकेत झालेल्या व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेलच्या लहान बालकांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन तोंडाने दिल्यावर न्यूमोकॉकसच्या गंभीर संसर्गात ८४ टक्के घट झाली. प्लीहा करीत नसलेल्या कामाची उणीव औषधाने अंशतः भरून काढता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा मुद्दा लसीकरणाचा. न्यूमोकॉकसची संयुग्म लस शरीराला आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्यास शिकवते, म्हणजेच गिळण्यापूर्वीची खूण आगाऊ तयार ठेवते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ मध्ये देशभर समाविष्ट झाली. सिकलसेलच्या बालकाची ही लस चुकणे इतर बालकांपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

तिसरा मुद्दा पाणथरीवर लक्ष ठेवण्याचा. काही वेळा प्लीहेत अचानक पुष्कळ रक्त अडकते. बालक पांढरेफटक पडते, पोटाची डावी बाजू फुगते आणि तत्काळ रक्त न मिळाल्यास मृत्यू ओढवू शकतो. मातेला बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपण्यास शिकवल्यास ही अवस्था लवकर ओळखता येते. या साध्या उपायाचा उपयोग जमैकातील अनुभवाने सिद्ध झालेला आहे. सातपुड्यातील दुर्गम पाड्यांवर रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ विचारात घेता येथे त्याचे महत्त्व अधिकच आहे.

चौथा मुद्दा लोहाचा. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते. पण मोडलेल्या पेशींतील बरेचसे लोह महाभक्षक पेशींमार्फत परत मिळते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन कमी आहे एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या दीर्घकाळ देत राहणे योग्य नव्हे. लोहाची कमतरता तपासणीने निश्चित करणे आवश्यक असते. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णात तर लोहाचा अतिसंचय होण्याचा संभव असतो.

पाचवा मुद्दा तपासणीचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी व्यक्तींची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणणे, असे त्याचे लक्ष्य आहे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी बालक रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, ही माहिती तपासणीसोबत दिली जाणे आवश्यक आहे. मात्र वाहक व्यक्ती रोगी नसते आणि तिचा जनुक हा कलंक नसून हिवतापाशी पूर्वजांनी दिलेल्या झुंजीचा वारसा आहे, हेही त्याचवेळी सांगितले गेले पाहिजे. समाजाचा विश्वास त्याशिवाय संपादन करता येणार नाही.

१०. निष्कर्ष

१) अमीबाचे अन्नग्रहण आणि मानवी भक्षक पेशीचे जंतुभक्षण या दोन्ही क्रियांमागे लवचीक पेशीपटल व अ‍ॅक्टिनचे जाळे हीच मूलभूत यंत्रणा आहे.
२) ओळख, वेढा, मिटणे आणि पचन या टप्प्यांपैकी कोणताही एक टप्पा रोखला गेला तरी संपूर्ण क्रिया निष्फळ ठरते. न्यूमोकॉकस, प्लेग व क्षय यांचे जंतू अनुक्रमे ओळख, वेढा आणि पचन या टप्प्यांवर आघात करतात.
३) सिकलसेलच्या वाहकात हिवतापग्रस्त तांबडी पेशी लवकर गिळली जाते. हे त्याला मिळणाऱ्या संरक्षणाचे एक कारण आहे.
४) सिकलसेलच्या रुग्णात ताठर पेशींच्या अतिभारामुळे प्लीहा निकामी होत जाते आणि आवरणयुक्त जंतूंविरुद्धची भक्षणक्रिया दुबळी होते. बालमृत्यूचा धोका प्रामुख्याने यातून उद्भवतो.
५) प्रतिबंधक पेनिसिलिन, वेळेवर लसीकरण, पाणथरीची घरगुती तपासणी व तापाच्या वेळी त्वरित उपचार या उपायांनी हा धोका मोठ्या प्रमाणात कमी करता येतो. हे उपाय खर्चिक नाहीत. ते प्रकाशासारख्या मोठ्या गावापासून अक्राणीतील शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचणे ही खरी गरज आहे.
६) महाविद्यालयीन स्तरावर पेशीविज्ञान शिकवताना अमीबाच्या आकृतीबरोबर प्लीहा व सिकलसेल यांचे उदाहरण दिल्यास, जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या विषयाचा आपल्या घराशी असलेला संबंध उमगेल आणि ते आपल्या गावात आरोग्यविषयक जाणिवेचे वाहक ठरतील.